गोधडी मिस्तरी

भर दुपारी, मे महिन्याच्या उन्हात, गाडीचं बॉनेट उघडून त्यावर आणि स्वतःवर जाड गोधडी पांघरणारा माणूस मी एकच पाहिला. सोनगीरजवळ हायवेला त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. पाटीवर नाव वेगळंच होतं, पण धुळ्यापर्यंत सगळे त्यांना गोधडी मिस्तरीच म्हणायचे, आणि त्यांनाही ते आवडायचं. विनय त्यांच्याकडे औषधालाही नव्हता. कुणी कौतुक केलं की छाती पुढे काढून म्हणायचे, "खान्देशमा असा दुसरा दखाडा, मंग बोला."

आम्ही त्यांच्याकडे गेलो ते भाऊंमुळे. भाऊ म्हणजे माझे वडील, जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले. जळगावहून धुळ्याला आत्याकडे ते आपली जुनी गाडी घेऊन जायचे. ट्रकला मागे टाकायला वेग वाढवला की गाडी हिसके देते, असं ते सांगू लागले. पण तेही दर वेळी नाही. जळगावच्या गॅरेजांत हीच गाडी पाहुण्यांसमोरच्या पोरासारखी शहाणपणाने उभी राहायची. माझ्या थोरल्या भावाने, दादाने, गावातून दोन चकरा मारून पाहिल्या. काही नाही. शेवटी तो म्हणाला, "भाऊ, गाडी ठीक आहे. तुमचा पाय आता स्थिर राहत नाही. चावी माझ्याकडे द्या."

भाऊ त्या दिवशी जेवले नाहीत. एवढ्या वर्षांत ज्यांच्या बसला साधा ओरखडा पडला नव्हता, त्यांना पोटच्या पोराने हे ऐकवावं! रात्री हात धुताना एवढंच म्हणाले, "सोनगीरला दाखवू. तिथेही काही निघालं नाही तर चावी तुझी."

मिस्तरींचा एक नियम होता. मालकाचं सगळं ऐकल्याशिवाय ते बॉनेटला हात लावत नसत. आमच्याकडून दादा बोलायला लागला, तर त्यांनी पान्हा उगारूनच त्याला थांबवलं. "गाडी जो चालाडस तो बोली. बाकीनासनी गप बसानं." मग भाऊंना खाटेवर बसवून विचारत राहिले. गाडी तापल्यावर की आधीच? चढाला की सपाटीला? एकटे असता तेव्हा, की माणसं भरलेली असताना? चहा दोनदा झाला. इतकं बारकाईने भाऊंना कुणी विचारलंच नव्हतं. बोलता बोलता त्यांची पाठ ताठ झालेली मला दिसली, आणि त्या तेलकट म्हाताऱ्यावर माझा तिथल्या तिथे जीव जडला.

"उभी गाडीले काय इचारतस? पळती गाडी बोलस," असं म्हणत त्यांनी आम्हा सगळ्यांना गाडीत कोंबलं. वजन हवं म्हणून शेजारच्या टपरीवाल्यालाही बसवलं. भाऊ स्टिअरिंगवर, मिस्तरी शेजारी, डोळे मिटलेले आणि एक हात डॅशबोर्डवर. जाताना गाडी लोण्यासारखी चालली. दादा नुसता खिडकीबाहेर बघत राहिला. परतीच्या चढावर भाऊंनी गिअर उतरवून पाय दाबला आणि गाडीने हिसका दिला, मग लगेच दुसरा. भाऊ घाबरून मिस्तरींकडे बघतात, तर मिस्तरी जिलेबी मिळाल्यासारखे हसत होते!

गॅरेजला पोहोचताच इंजिन गार व्हायच्या आत त्यांनी गोधडी टाकली आणि आत शिरले. भाऊंनी बसल्या जागेवरून रेस दिली. आतून आरोळी आली, "दखा, दखा! निळी ठिणगी!" प्लगकडे जाणाऱ्या एका वायरला चीर गेली होती. इंजिन तापून जोर मागायला लागलं की वीज प्लगपर्यंत न जाता मध्येच बाहेर उडी मारायची. ती ठिणगी उजेडात दिसत नाही, म्हणून ही गोधडी. एरवी मिस्तरींनी वायर बदलून विषय संपवला असता. पण त्यांनी गोधडीतून मुंडकं बाहेर काढून दादाला बोलावलं. "तुम्ही आठे या. पहिले तुम्ही दखा."

दादा इस्त्रीच्या शर्टानिशी गोधडीत गेला. बाहेर आला तेव्हा केस विस्कटलेले, कपाळाला काळं लागलेलं. मिस्तरी म्हणाले, "दोष गाडीमा शे, भाऊमा नही." दादाने मान हलवली. येताना गाडी भाऊंनीच चालवली, आणि गरज नसताना तीन-चार ट्रक मागे टाकले.

मिस्तरी गेल्या थंडीत गेले. भाऊ स्वतः गाडी चालवत दारावर जाऊन आले. मलाही फार वाईट वाटलं. घरात कुणी वारलं की वाटतं, तसं.

यंदा उन्हाळ्यात भाऊ सांगू लागले, जिना चढताना कधी कधी छातीत आवळतं. दवाखान्यात झोपवून ईसीजीची पट्टी काढली, ती साफ आली. डॉक्टर म्हणाले, वयामुळे असं वाटतं, काळजी करू नका. मी उठायला लागले, पण दादा खुर्चीवरून हलला नाही.

"ते म्हणतात तर होत असणार," तो म्हणाला. "डॉक्टर, झोपवून नका तपासू. चालवून तपासा."

डॉक्टरांनी भाऊंना धावत्या पट्ट्यावर चढवलं. वेग वाढला, आणि खरंच, यंत्रावरची रेघ बिघडली. दुखणं वेळेत सापडलं. घामाघूम भाऊ खाली उतरले, दादाच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले आणि धापा टाकत म्हणाले, "गोधडी आणली नाहीस का रे?"

दादा हसायला गेला आणि तिथेच रडायला लागला.