दुसरी शिंक

"स्वल्प थांबा. दुसरी येतेय."

डाव्या हाताचं बोट वर करून अक्का एवढंच म्हणायची, आणि आमच्या शेडमधले सगळे हात जागच्या जागी थांबायचे. उजवा हात उदबत्तीच्या काळ्या मसाल्यानं भरलेला, म्हणून डावा. डोळे मिटलेले, नाक वर, तोंड अर्धं उघडं. मग दुसरी शिंक यायची, कुणीतरी हसायचं आणि पाट पुन्हा खरखरू लागायचे.

तुमच्याकडंही हे पाळत असतील. काम सुरू करताना एक शिंक आली तर थांबायचं, दोन आल्या तर काही नाही. आता उदबत्त्या वळायच्या शेडमध्ये हे कसं पाळावं? कोळशाची पूड, सालीची चिकट पूड, लाकडाचा भुसा, सगळं दिवसभर हवेत. तिथं कोण शिंकत नाही? म्हणून बाकीच्यांच्या शिंका आम्ही सोडून दिल्या होत्या. धरायची ती फक्त अक्काची. मालसुद्धा तिच्याकडं बघूनच टेम्पोत चढायचा. एकदा मालक वैतागून म्हणाले, "अक्का, दुसरी लवकर दे, टेम्पोवाला निघून जाईल." ती म्हणाली, "मागून मिळत नाही अण्णा. ती तिच्या सवडीनं येते."

पण अडलेल्याला ती अडवून ठेवत नसे. एका मुलीला बघायला पाहुणे यायचे होते. ती दुपारी घरी जायला उठली आणि अक्काला नेमकी एकच शिंक आली. मुलीचं तोंड उतरलं. अक्कानं चिमूटभर पूड उचलली, सरळ नाकात ओढली आणि अशी शिंक काढली की खिडकीतलं कबूतर उडालं. "जा आता," म्हणाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं तिच्या.

शेडमध्ये घरी मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच. आमच्या घरांतले लोक इथं कन्नड मुलखात कधी आले ते कुणाला ठाऊक नाही, पण चुलीपाशी मराठीच. अक्काची कन्नडही माझ्यासारखीच, मराठी वळणाची, बायका हसायच्या. खांबापाशी मी तिच्या शेजारी बसायची. मला चारचौघांत बोलता येत नाही. ती दोघींचं बोलून घ्यायची, माझे हो आणि नाहीसुद्धा.

शिंकांनी ती थकून जायची. नाक सोललेलं, डोळे लाल. मग कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून ती पिवळी गोळी आणायची. डॉक्टर नाही, चिठ्ठी नाही. सर्दीची द्या म्हटलं की ते द्यायचे. जेवणाआधी ती गोळी घ्यायची, आणि जेवल्यावर तिच्या शिंका थांबायच्या. तीही थांबायची.

झोपायची म्हणावं तर झोपायची नाही. डोळे उघडे असत. हात चालू असत, काडी पाटावर, मसाला काडीवर, तळव्याखाली एकसारखं वळण. जागेपणी तिची एखादी काडी जाडबारीक व्हायची, पण त्या वेळची एकही नाही. आणि मधूनच ती बोलायची. कन्नडमध्ये. माझ्यासारखी मोडकी कन्नड नव्हे, स्वच्छ, गावाकडची, म्हातारी बाई बोलते तशी.

पहिल्यांदा तिनं समोरच्या चौडम्माला सांगितलं की आज दार लावू नकोस, येणारा येतोय. त्या संध्याकाळी चौडम्माचा भाऊ आला. कित्येक वर्षं तो कुठं होता ते कुणाला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी चौडम्मानं अक्काच्या पाटापुढं फुलं ठेवली. अक्कानं ती उचलून माझ्या केसांत घातली आणि विचारलं, ही कशाबद्दल?

मग दुपारी बायका तिच्याजवळ सरकून बसू लागल्या. हरवलेली नथ, सुनेचे दिवस, नवऱ्याची बदली. ती कधी उत्तर द्यायची, कधी नाही. चहाच्या वेळेला ती डोळे चोळत माझ्याकडं वळायची आणि हळूच मराठीत विचारायची, "काय बोलले ग मी?" मी सांगायची. ती ऐकून घ्यायची आणि पदरानं तोंड पुसायची, कुणाचं उष्टं लागल्यासारखं.

एका संध्याकाळी आम्ही दोघी नेहमीसारख्या रूळ ओलांडून घरी निघालो होतो. त्या दिवशी तिनं दुपारी उशिरा आणखी एक गोळी घेतली होती. मी पलीकडं पोचले आणि मागं बघितलं, तर ती दोन रुळांच्या मध्ये उभी. कुणाशी तरी बोलत होती, कन्नडमध्ये, शेजारणीशी बोलावं तसं, मान हलवत. समोर कुणी नव्हतं. मालगाडी लांब होती, पण येत होती. मी परत गेले आणि दंड धरून तिला ओढत आणलं. गाडी जाईपर्यंत ती माझा हात धरून होती. शेवटचा डबा गेल्यावर जागी झाली.

"मुली," ती म्हणाली, "माझं तोंड माझ्यामागं कोण वापरतं?"

मी तिचा पदर सारखा केला.

"मला जागं राहायचंय," ती म्हणाली. "शिंकले तरी चालेल. पण माझ्यात मीच पाहिजे."

बसवनगुडी भागात एक धर्मादाय दवाखाना होता. तिथं मी तिला घेऊन गेले. डॉक्टरीणबाई म्हाताऱ्या होत्या, चष्म्यावरून बघायच्या. त्यांनी पिवळी गोळी हातात घेतली आणि विचारलं, ही घेऊन तू रूळ ओलांडतेस? या गोळीनं डोळ्यांवर झापड येते, काहींना भ्रमही होतो, बडबड होते, असं म्हणाल्या. अक्काचा चेहरा एवढा उजळला. भ्रम म्हणजे दुसरं कुणी नाही ना, तिनं पुन्हा पुन्हा विचारून घेतलं.

त्यांनी दुसरी गोळी दिली. पांढरी, छोटी. ही नवीन आहे, हिनं सहसा झोप येत नाही, पण एखादीला येते, म्हणून पहिली गोळी सुट्टीच्या दिवशी घरी बसून घे आणि बघ, असं सांगितलं. दिवसाला एकच. शिंका थांबल्या नाहीत म्हणून दुसरी नाही. पिवळी बंद, आणि सर्दीचं कुठलंही औषध हिच्या जोडीला नाही, कारण त्यांतही बहुतेक पिवळीच असते. काळीज, यकृत, मूत्रपिंड यांचं काही दुखणं आहे का तेही विचारलं. पुढं कुठल्या डॉक्टरकडं गेलीस तर ही गोळी आधी दाखव, काही औषधांशी असल्या गोळ्यांचं जमत नाही, छातीत धडधड होते. आणि कामावर नाकाला ओलं फडकं, घरी गेल्यावर आधी अंघोळ.

अक्कानं शेवटी विचारलं, "रात्री तरी स्वल्प झोप येईल ना बाई?"

"ती तुझी तुला येईल," बाई म्हणाल्या.

आम्हा दोघींना इंग्रजी वाचता येत नव्हतं. पाकिटांची अदलाबदल नको म्हणून तिनं पांढऱ्या गोळ्या कुंकवाच्या रिकाम्या करंड्यात ठेवल्या. आणि उरलेल्या पिवळ्या? पैसे मोजून आणलेलं औषध केरात टाकणं आमच्या हातून होत नाही. तुमच्याही होत नसेल. चौडम्माला झोप येत नसे, मुलगी घर सोडून गेल्यापासून ती रात्र रात्र जागी असे. अक्कानं पिवळ्या गोळ्या तिला देऊन टाकल्या.

त्यानंतरची अक्का तुम्ही बघायला हवी होती. इतकी वर्षं त्या खांबापाशी बसून तिनं दुपार अशी पाहिलीच नव्हती. पहिल्याच आठवड्यात मला कोपरानं ढोसून म्हणाली, "दुपारी इथं ऊन येतं होय ग? खांबावर?" मालक जेवणानंतर खुर्चीत घोरतात, हे तिला तेव्हा कळलं. ती गाणी म्हणायची, नकला करायची. शिंका अगदी गेल्या नव्हत्या, एखादी यायची. बोट वर व्हायचं, दुसरी यायची. चहाच्या वेळेला ती माझ्याकडं वळून विचारायची, "काय बोलले मी?" आणि स्वतःच उत्तर द्यायची, "सगळं माहीत आहे मला." असं हसायची की काड्या सांडायच्या.

बायकांना मात्र हे रुचलं नाही. देवी रुसली, अक्कानं दवाखान्याचं औषध घेऊन तिला घालवली, असं म्हणू लागल्या. चौडम्मा रोज विनवायची. एकच दिवस पिवळी घे, माझी पोर कुठं आहे एवढं विचारते, मग पुन्हा म्हणणार नाही. एकदा तिनं अक्काचे पाय धरले. अक्कानं तिला उठवून जवळ घेतलं.

"तुझ्याबरोबर शोधायला येते, जिथं म्हणशील तिथं येते," ती म्हणाली. "पण तिकडं मला पाठवू नकोस. परतायची वाट तिथं दिसत नाही."

चौडम्मा वाईट बाई नव्हती. हे मी मुद्दाम लिहिते. तिची एकच मुलगी. अक्काच्या तोंडून एकदा तिला भाऊ परत मिळाला होता. तिला वाटलं, औषध आपलं नव्हे, अक्काचंच तर आहे, अक्काला देण्यात काय चूक. एका दुपारी तिनं घरून नाचणीची आंबील आणली, ताकातली. त्यात पिवळ्या गोळ्या कुटून घातल्या होत्या. एक नाही, बऱ्याच. अक्कानं सकाळीच पांढरी घेतली होती. आंबील पिऊन तिनं चौडम्माचं कौतुक केलं.

थोड्या वेळानं तिचे हात एकसारखे चालू लागले. मी बघितलं, आणि माझी काडी पाटावरच राहिली.

बायका सरकून जवळ आल्या. चौडम्मानं विचारलं. अक्काच्या तोंडून ती स्वच्छ कन्नड आली. मुलगी सुखात आहे, पोटुशी आहे, उगादीच्या, आपल्या पाडव्याच्या, आधी उंबऱ्यात उभी राहील. चौडम्मा रडायला लागली, बायकांनी हात जोडले. तेवढ्यात अक्काचे हात पाटावर थांबले. मान माझ्याकडं वळली. डोळे उघडेच होते, पण मी त्यांत नव्हते. ओठ फार हलले नाहीत. आवाज मराठीत आला, बारीक, लांबून, विहिरीतून हाक द्यावी तसा.

"मुली, मला उठव."

मी उठवलं. हलवलं, पाणी मारलं, गालांवर थापट्या मारल्या. चौडम्माही घाबरली आणि गोळ्यांचं सगळं सांगून टाकलं. मालकांनी टेम्पोतला माल उतरवला आणि तिला त्यात घातलं. दवाखान्यात डॉक्टरांनी काय काय पोटात गेलं ते विचारलं. मी अक्काच्या पिशवीतला करंडा पुढं केला, चौडम्मानं पिवळ्या गोळ्यांचं पाकीट. दुसऱ्या दिवशी अक्कानं डोळे उघडले. सगळ्यांना वाटलं, संपलं.

काही आठवड्यांनी ती कामावर आली. खांबाशी न येता दाराजवळ बसली. मला वाटलं, वारा लागावा म्हणून. मी करंडा परत द्यायला गेले. तिनं तो उघडला, आत बघितलं आणि हे काय म्हणून विचारलं. कन्नडमध्ये. गावाकडच्या, स्वच्छ. मी मराठीत सांगितलं. तिनं मान हलवली, आणि करंडा माझ्याच हातात ठेवला.

त्या दिवसापासून ती शिंकली नाही. गोळी नाही, नाकाला फडकं नाही, पुडीचे ढग अंगावर, तरी नाही. डोळे पांढरे स्वच्छ. तिची एकही काडी जाडबारीक होत नाही. डॉक्टरीणबाईंना मी जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, एवढ्या झोपेनंतर माणूस काही दिवस सुन्न असतं, येईल हळूहळू, आणि कधी कधी असा त्रास आपोआप कमीही होतो. बरं झालं म्हणा. मी बरं झालं म्हटलं.

चौडम्माची मुलगी उगादीच्या आधी आली. पोटुशी होती.

जी परत आली ती अक्का नव्हे, हे मी कुणाला बोलले नाही. इथंच लिहिते आहे. ती कुणाचं वाईट करत नाही. हसत नाही, गात नाही. चहाच्या वेळेला मी काय बोलले असं विचारत नाही. तिला विचारायची गरज नसावी.

परवा टेम्पो आला होता. पेट्या दारात रचल्या होत्या, मालकांनी पहिलीला हात लावला, आणि शिंक आली. मागून. खांबापासून.

खांबापाशी आता मी एकटीच बसते. माझ्या शेजारी रिकामा पाट होता, त्यावर खांबावरून उतरलेलं ऊन. शिंक तिथून आली. सगळ्यांनी ऐकली, कारण सगळ्यांचे हात थांबले. चौडम्माचा हात तोंडावर गेला. मालक पेटी धरून तसेच वाकलेले. कुणी कुणाकडं बघेना.

मी कधी चारचौघांत बोलत नाही. पण माझं डावं बोट वर झालं, आणि मला माझाच आवाज ऐकू आला.

"स्वल्प थांबा. दुसरी येतेय."

टेम्पोवाल्यानं इंजिन बंद केलं. आम्ही थांबलो. शेडमध्ये एकच आवाज उरला, पाटाचा, दाराजवळून. सगळ्यांचे हात थांबले होते, फक्त तिचे चालू होते.

ऊन रिकाम्या पाटावरून सरकलं, तरी मी बोट खाली घेतलं नाही.