मिठाचा खटारा

दाजी कल्याणला आमच्याकडे आले की आधी घरात येत नसत. दारात गाडी उभी असली, मग ती कुणाची का असेना, तिच्याभोवती एक फेरी व्हायची. मग खाली वाकून आस बघायचे, चाकाचे तुंबे चाचपायचे आणि अंगणातूनच विचारायचे, "हिला वंगण कधी घातलं होतं रे?" मी शाळामास्तर, मला वंगणाचं काय ठाऊक असणार. आक्का ओटीवरून म्हणायची, "अहो, आधी पाय तरी धुवा. माझ्या माहेरच्या माणसांना वाटेल, गाडीचाच पाहुणा आलाय."

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. बाळकुमला खाडीच्या काठी त्यांचं सुतारकामाचं छप्पर होतं. मिठागरांतून मीठ वाहणारे खटारे तिथे दुरुस्तीला येत. मिठापुढे लोखंड टिकत नाही, खिळे दोन पावसाळ्यांत गंजून गळतात, म्हणून दाजी जमेल तिथे लाकडी खुंट्या मारत. एखादा गाडीवान खूश होऊन म्हणाला, "मेस्त्री, आता दहा वर्षं बघायला नको," की ते म्हणत, "हे काय शेवटचं नाय. चालली की कळंल." कामाची तारीफ त्यांना सोसत नसे. दोघांना मूलबाळ नव्हतं. आक्का दिवसभर बोलायची आणि दाजी रंधा मारत ऐकायचे. मला वाटे, हा माणूस ऐकतच नसेल. पण चार दिवसांनी ते तिचंच एखादं वाक्य जसंच्या तसं मला सांगत.

मग आक्का विहिरीच्या शेवाळलेल्या पायरीवरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी हलायचं नाही म्हणून सांगितलं, आणि ती पडून राहिली.

इथे मला माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. ती पडली त्याच आठवड्यात माझ्या शाळेतले एक सोबती मला म्हणाले होते, "आमच्या सिन्नरकडे एक म्हातारे हाडवैद्य आहेत. मोडलेलं हाड हातानं बसवतात. लवकर नेलंत तर गुण येईल." मी मान हलवली आणि सोडून दिलं. चार इंग्रजी पुस्तकं वाचून मला तेव्हा असल्या वैद्यांचा तिटकारा आला होता. बाळकुमला मी दर रविवारी जात होतो. आक्काच्या उशाशी बसत होतो. पण एका शब्दानं बोललो नाही.

तीन महिन्यांनी त्याच वैद्याचं नाव घाटावरच्या एका गाडीवानाकडून दाजींच्या कानावर गेलं. ते तसेच उठून चालत कल्याणला आले. दाराशी त्या दिवशी बैलगाडी उभी होती, तिच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. "विसू, सिन्नरकडं एक वैद्य हाय म्हणतात. तुला काय ठाऊक?"

मी म्हणालो, "नाही बुवा. चौकशी करू."

आगगाडी घाटावर जात होती, म्हणून आधी तिनंच न्यायचं ठरलं. ठाण्याच्या स्टेशनात आम्ही चौघांनी आक्काला बाजेसकट उचललं. डब्याच्या दारातून बाज आत जाईना. तिला काढून, वाकवून आत घ्यायला लागलो तशी तिनं एक किंकाळी फोडली आणि ती बेशुद्ध झाली. शुद्धीवर आल्यावर म्हणाली, "मला घरी न्या. मी अशीच बरी आहे." दाजींनी बाज उचलली. परतीच्या वाटेवर ते एवढंच म्हणाले, "खटारा काढतो."

हा खटारा त्यांच्या वडलांच्या वेळचा. मीठ वाहून वाहून त्याच्या फळ्या पांढुरक्या झाल्या होत्या. जरा दमट हवा सुटली की त्यांना पाणी सुटे. तो दुरुस्त करायला महिना हवा होता, पण दाजी थांबायला तयार नव्हते. वर तट्ट्यांचं छप्पर चढवलं, खाली पेंढा आणि गोधड्या घातल्या, हत्यारांची पेटी मागे बांधली. "बाकीचं वाटंत करू," म्हणाले. मी दिवाळीच्या सुट्टीला जोडून रजा काढली. खाडी ओलांडून आम्ही भिवंडीवरून आग्रा रस्त्याला लागलो.

पहिल्या दिवशी आक्कानं पदराचा बोळा तोंडात धरला होता. तिला वाटलं, आम्हाला कळत नाही. दुपारी दाजींनी बैल सोडले. तिला उचलून झाडाखाली सावलीत ठेवलं, पुन्हा बैल जुंपले आणि स्वतः तिच्या जागी जाऊन उताणे पडले. मला म्हणाले, "हाक." मी हाकू लागलो. ते डोळे मिटून पडले होते. मध्येच म्हणत, "थांब." मग उतरून चाकाखालचा दगड बघत, साट्याला, म्हणजे खटाऱ्याच्या तळाच्या चौकटीला, हात लावत, पुन्हा जाऊन पडत. असं आम्ही त्याच रस्त्यानं पाच-सहा वेळा गेलो आणि आलो. जाणारे-येणारे गाडीवान हसत होते. शेवटी दाजी उठून बसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "तिचं कसं होत असंल रे," म्हणाले.

त्या संध्याकाळी त्यांनी साट्यावर चार खांब उभे केले आणि बाज पाळण्यासारखी दोरांना टांगली. दणके कमी झाले, पण उतारावर बाज झुलू लागली. पडघ्याला पोचेपर्यंत आक्का ओकून ओकून थकली. दाजींनी काथ्याचे दोर काढले, मोच्याकडून चामड्याचे पट्टे आणले आणि बाज चारी बाजूंनी खालच्या चौकटीला जखडली. आक्का म्हणाली, "आता बरं आहे हो." ते म्हणाले, "हे काय शेवटचं नाय."

आणि नव्हतंच. शहापूरला एका लोहाराच्या अंगणात मोडकी घोडागाडी पडली होती. तिच्या दणके झेलणाऱ्या दोन पोलादी कमानी धड होत्या. लोहार त्या द्यायला तयार नव्हता. त्याची नजर दाजींच्या लाकूड तासायच्या वाकसावर होती. तो वाकस दाजींच्या वडलांचा. त्याची मूठ त्यांच्या तळहाताला बसेल अशी झिजली होती. आक्काला कळलं तेव्हा ती म्हणाली, "तो नका देऊ. मी सोसेन." दाजी तिच्याशी कधी वाद घालत नसत. त्यांनी पेटीतून वाकस काढला, एकदा अंगठ्यानं धार बघितली आणि लोहाराच्या हातात दिला. दीड दिवस आम्ही तिथे थांबलो. दाजींनी कमानी बाजेखाली बसवल्या. दुसऱ्या दिवशी खर्डीपर्यंतच्या वाटेत आक्का चक्क झोपली. दाजी बैलांच्या बाजूनं चालत होते. दर थोड्या वेळानं मागे येऊन आत डोकावत आणि मला बोटानं खूण करत, हळू.

कसाऱ्याचा घाट आम्ही दोन दिवसांत चढलो. दाजी चाकामागे लाकडी ओंडका धरून चालले. बैल थबकले की ओंडका टेकवायचा, निघाले की उचलायचा. घाट संपला तेव्हा त्यांचे तळवे सोलून निघाले होते. घोटीवरून सिन्नरची वाट धरली आणि घाट संपल्यापासून चौथ्या दिवशी वैद्याच्या दारात गाडी उभी राहिली.

वैद्य खरोखरच म्हातारे होते. त्यांनी आक्काला खाली उतरवू दिलं नाही. स्वतःच खटाऱ्यात चढले आणि तिच्या खुब्यावरून बराच वेळ हात फिरवत बसले. मग उतरून दाजींना बाजूला घेतलं. "हाड जुळलंय, पण वाकडं जुळलंय. ते मोडून पुन्हा बसवायला हवं, आणि या बाईंत आता तेवढी ताकद नाही. मी हात घालणार नाही."

दाजी म्हणाले, "आधी आणली असती तर?"

वैद्यांनी माझ्याकडे पाहिलं, का ते मला अजून ठाऊक नाही. "पहिल्या पंधरवड्यात आणली असती, तर काही करता आलं असतं," ते म्हणाले.

परतीच्या वाटेवर मी तीन दिवस तोंडात घास घेऊ शकलो नाही. खर्डीच्या मुक्कामाला सकाळी दाजी चाक काढून वंगण घालत होते. आक्का आत झोपली होती. मी त्यांच्यापाशी उकिडवा बसलो आणि सगळं सांगितलं. मला आधीपासून ठाऊक होतं, मी बोललो नाही, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोललो. ते हात न थांबवता ऐकत होते.

"तेव्हा सांगितलं असतंस," ते शेवटी म्हणाले, "तर मी हिला उघड्या खटाऱ्यात टाकून निघालो असतो. तेव्हा कमानी नाय, काय नाय. घाटातच गेली असती." मग म्हणाले, "धर हे चाक. आणि तिला बोलू नको."

मी चाक धरलं. त्यांच्या बोलण्यावर विश्वास ठेवावा असं मला फार वाटलं, आणि पुष्कळ दिवस मी ठेवलाही.

खर्डी सोडल्यावर आक्का म्हणाली, "अहो, मला नुसतं छप्पर दिसतंय. जातानाही छप्परच पाहिलं." दाजींनी तिथेच गाडी थांबवली. तिचे डोळे कुठे येतात ते तिच्या शेजारी पडून पाहिलं आणि बरोबर तिथे तट्ट्याला चौकोनी खिडकी कापली. आक्का कुशीवर पडून भातखाचरं बघू लागली. पुढे दिवसभर ती बोलत होती. कापणी कुठवर आली, कुणाचा बैल लंगडतोय, कुठल्या बाईनं कसलं लुगडं नेसलंय. ती पडल्यापासून मी तिला एवढं बोलताना पहिल्यांदा ऐकत होतो.

घरी आल्यावर दाजींनी बाळकुमच्या छपरातलं काम जवळजवळ सोडलं. आक्काला घेऊन ते गावोगाव हिंडू लागले. टिटवाळा, खडवली, पडघा, जिथे गाडी मोडली असेल तिथे खटारा उभा करायचा आणि ती दुरुस्त करायची. दर फेरीत खटाऱ्यात काहीतरी नवं असे. पाण्याचा माठ हलू नये म्हणून कोनाडा, आक्काला हातानं ओढता येईल असा पडदा, पाठ टेकून बसवता येईल अशी वर-खाली होणारी फळी. ती फळी बसली त्या दिवशी आक्कानं वर्षानंतर पहिल्यांदा स्वतःच्या हातानं भाजी चिरली. कल्याणला आले की ती खिडकीतूनच माझ्याशी गप्पा मारायची. "विसू, मी आता सासरी नाही आणि माहेरीही नाही," म्हणायची. आवाजात तक्रार नसे.

अशी दोन वर्षं गेली. तिसऱ्या पावसाळ्यानंतर खडवलीला नदीकाठी मुक्काम असताना आक्काला ताप आला. निरोप मिळून मी पोचलो तोवर सगळं संपलं होतं. दाजी तिच्याशेजारी बसून होते. नदीकाठीच आम्ही तिला अग्नी दिला.

तेराव्यानंतर दाजी कल्याणला आले. ओटीवर बसले. मी पाणी दिलं. ते पिऊन त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि म्हणाले, "तेव्हा का नाय सांगितलंस?"

मला वाटलं होतं की ती गोष्ट खर्डीलाच संपली. मी म्हणालो, "मला ते अडाणीपणाचं वाटलं, दाजी."

त्यांनी मान हलवली. "ती होती तवर विचारायचं नव्हतं. तिला तुझं फार कौतुक. रविवार आला की म्हणायची, आज माझा विसू येणार." मग म्हणाले, "घाटात गेली असती, ते मी असंच बोललो होतो. मला काय ठाऊक. कदाचित चालली असती आज."

एवढं बोलून ते उठले. मी त्यांना वेशीपर्यंत पोचवायला गेलो.

त्यानंतर ते अकरा वर्षं जगले. दर दिवाळीला न चुकता यायचे, माझ्या मुलांना लाकडी बैल करून आणायचे, जेवून जायचे. माझ्याशी त्यांचं वागणं कधी कोरडं झालं नाही. मला माफ केलंत का, हे त्यांना एकदा विचारायचं मी प्रत्येक दिवाळीला ठरवत असे आणि पुढच्या दिवाळीवर टाकत असे. ते फार आजारी आहेत असा निरोप आला तेव्हा मी लगेच बाळकुमला निघालो. पोचलो तेव्हा त्यांची वाचा गेली होती. त्यांनी मला ओळखलं. माझा हात हातात घेऊन बराच वेळ धरून ठेवला. त्याचा अर्थ काय लावायचा, हे मला आजही समजत नाही. विचारायची पाळी माझी होती, आणि मी पुन्हा उशीर केला होता.