मामांची अडचण आणि माझा क्रायसिस

मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवते. बोलते मात्र मराठीच, आणि त्या मराठीत ‘क्रायसिस’ हा शब्द इतक्या वेळा यायचा की माझी मुलगी त्यावरून मला चिडवायची. सकाळी सिलिंडर संपला, क्रायसिस. प्रिंटरची शाई संपली, क्रायसिस. भांड्याच्या मावशी न सांगता-सवरता राहिल्या की फारच मोठा क्रायसिस. स्टाफरूममध्येही सगळे तसंच बोलायचे. ‘संकट’ म्हटलं की काहीतरी पोथीतलं वाटायचं आणि ‘अडचण’ अगदीच किरकोळ. क्रायसिस म्हटलं की आपण फार महत्त्वाच्या कामात अडकलोय असं समोरच्याला वाटायचं. मला त्या शब्दाचं तेच आवडायचं, हे आता कळतं.

आमच्या विभागाला एक शिपाई होते. त्यांना सगळे मामा म्हणत. मुरगूडच्या बाजूच्या एका गावातून रोज एस.टी.नं यायचे. दोन्ही मुली लग्न होऊन लांब गेलेल्या, घरी ते आणि त्यांची बायको. बोलणं कमी. त्यांच्याकडे सगळ्याला एकच शब्द होता. कपाटाचं कुलूप निघेना तरी ‘अडचण हाय’, आणि सख्खा भाऊ गेला तेव्हाही दारात उभं राहून ‘चार दिवस येणार न्हाई मॅडम, अडचण हाय’ एवढंच म्हणाले होते. ते मला नंतर आठवलं. त्या दिवशी आठवायला हवं होतं.

त्या दिवशी म्हणजे कॉलेजची तपासणी करणारी समिती यायच्या आदल्या दिवशी. सगळ्या विभागांच्या फायली कॉन्फरन्स हॉलमध्ये मांडायच्या होत्या आणि सकाळी लक्षात आलं की आमच्या फायलींच्या पाठीवरची लेबलं जुन्या नमुन्यातली आहेत. सत्तर-ऐंशी फायली. मी डोक्याला हात लावून बसले होते. अकराच्या सुमाराला मामा टेबलापाशी आले.

“मॅडम, जरा अडचण हाय. दुपारचं लवकर सुटू काय?”

मी मान वर केली नाही. “आज? मामा, आज किती मोठा क्रायसिस आहे बघताय ना?”

“घरातनं फोन आलता.”

“उद्या समिती गेली की हवी तेवढी रजा घ्या. आज नाही जमणार.”

माझ्या हातात कात्री होती, मी लेबलं कापत होते. मग ते “बरं” म्हणाले आणि जुनी लेबलं खरवडायला बसले. दुपारी त्यांचा फोन दोनदा वाजला. ते बाहेर जाऊन बोलून आले आणि पुन्हा खरवडायला लागले. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मीच म्हणाले, “मामा, तो फोन जरा सायलेंटवर टाका की.” त्यांना ते जमेना, म्हणून मीच त्यांच्या हातातून घेऊन सायलेंट करून दिला. साडेचारला काम संपलं. फायली एका ओळीत सुंदर दिसत होत्या. मी त्यांचा फोटो काढून स्टाफच्या ग्रुपवर टाकला, ‘क्रायसिस संपला’ असं लिहून.

दुसऱ्या दिवशी मामा आले नाहीत. समितीसाठी चहा कोण नेणार यावरून गोंधळ झाला आणि मी चार जणांत मोठ्यानं म्हणाले, “ऐन वेळेला बरोबर अडचणी काढतात.” कुणीतरी हसलं. समितीतल्या एका बाईंनी आमच्या फायलींचं खास कौतुक केलं. ते ऐकून मी दिवसभर खूश होते.

तिसऱ्या दिवशी ऑफिसातल्या क्लार्कनं सांगितलं. मामांच्या बायकोच्या अंगावरून वारं गेलं होतं. सकाळी परसात कपडे वाळत घालताना उजवा हात उचलेना, मग तोंड वाकडं झालं, मग बोलणं थांबलं. शेजारणीनं मामांना फोन केला. तिला वाटलं, चक्कर असेल, तेल चोळलं, आणि पुढचं ते आल्यावरच ठरवू म्हणून सगळे थांबले. मामा संध्याकाळी पोचले. गाडी करून कोल्हापुरात आणेपर्यंत अंधार पडला. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलं असतं तर बरंच वाचवता आलं असतं. क्लार्कला त्या दिवशीचं काही माहीत नव्हतं. “गावाकडची माणसं, कळत नाही हो त्यांना,” तो म्हणाला. मी मान डोलावली. नुसती डोलावली नाही, “हो ना” असंही म्हणाले.

त्यानंतर आठवड्याभरात वर्गात एका धड्यात तोच शब्द आला. एका मुलीनं विचारलं, “मॅडम, क्रायसिस म्हणजे संकटच ना?” या प्रश्नाचं उत्तर मी वर्षानुवर्षं मोठ्या आवडीनं देत आले होते. मी फळ्याकडे वळले आणि सांगू लागले, की हा शब्द मुळात ग्रीक, त्याचा अर्थ निर्णय. जुने वैद्य तो आजारपणातल्या एका घडीसाठी वापरत. रोगी त्या घडीला इकडे तरी वळतो, नाही तर तिकडे; तेव्हा काय ते ठरवावं लागतं. एवढं बोलून मी थांबले. पुढचं वाक्य येईना. वर्गाला वाटलं, मला बरं वाटत नाही. एकानं बाटली आणून दिली, मी पाणी प्यायले आणि तास लवकर सोडला.

मामा महिन्याभरानं कामावर आले. मला नमस्कार केला, खिडक्या उघडल्या. मी “कशा आहेत आता?” विचारलं, ते “हाय, बरं हाय” म्हणाले. त्यापुढे मला जाता आलं नाही. त्यांच्या घरी जायला मी आणखी चार महिने लावले.

शेवटी एका रविवारी गेले. बरोबर सफरचंदं नेली, दुसरं काय न्यायचं ते सुचलं नाही. बाई पुढच्या सोप्यात खुर्चीवर बसल्या होत्या, उजवा हात मांडीवर ठेवलेला. “आमच्या मॅडम आल्यात बघ,” मामा म्हणाले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “व्हय.” मी तब्येत विचारली, “व्हय.” मुली येतात का विचारलं, “व्हय, व्हय.” मामांनी सांगितलं, आता तेवढा एकच शब्द येतो. भूक लागली तरी तोच, नको असलं तरी तोच. कुठला व्हय कशाचा ते मामांना ओळखू येतं.

चहा मामांनीच केला. कप घेताना माझ्या तोंडून निघून गेलं, “मामा, तुम्ही त्या दिवशी मला सांगितलं का नाही?”

विचारतानाच कळलं की मी काय करतेय. दोष त्यांच्याकडे सरकवायलाच मी एवढ्या लांब आले होते.

मामांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. “सांगितलं की मॅडम,” ते म्हणाले. “अडचण हाय म्हणलो की.”

मी कप खाली ठेवला. बाई एकदा माझ्याकडे, एकदा मामांकडे बघत होत्या.

ते मला एस.टी.च्या थांब्यापर्यंत सोडायला आले. रस्त्याच्या कडेला उभं राहून मी कसंबसं म्हणाले, “मामा, माझं चुकलं. मी तुम्हाला सोडायला पाहिजे होतं.”

त्यांनी हात झटकला. “सोडा ओ. तुमचं तरी काय, साहेब लोक येणार हुते. कामच तसलं हुतं.”

हे खरं नव्हतं. कामात तसलं काहीच नव्हतं. दोन माणसांनी रात्री उशिरापर्यंत बसून लेबलं चिकटवली असती तरी चाललं असतं, जुनीच राहिली असती तरी काही बिघडलं नसतं. हे मी त्यांना सांगायला हवं होतं. पण एस.टी. आली, मी चढले, खिडकीतून हात केला. गाडी सुटल्यावर मला हलकं वाटलं. त्यांनी माफ केलं, असं मी मनाशी म्हणून टाकलं आणि कोल्हापूर येईपर्यंत शांत झोपले. त्या झोपेची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.