कोण गो तू? कुणाची?

"मावशी, लॅपटॉप उचला. कॅमेरा फिरवा. घरात कोण कोण असतं ते बघू दे सगळ्यांना."

धाकट्या मालकांचा हुकूम. मी उचलला. फिरवला.

ऑफिसचे सगळे स्क्रीनवर. त्यांनी माझ्या भिंतीचे पोपडे बघितले, दोरीवरचे परकर बघितले, दाराशी उभे राहिलेले नवरोबा बनियनमध्ये बघितले. माजघराच्या कोपऱ्यात सून माझ्या नातीला पाजत बसली होती. तिने घाईने पदर ओढला, पण तोवर कॅमेरा तिच्यावरून गेला होता. कुणीतरी खाकरलं. धाकटे मालक पुण्याच्या फ्लॅटमधून म्हणाले, "असल्या घरातून कंपनीचं काम चालतं. मग चोरी नाही होणार तर काय?"

आणि मी काय म्हटलं? "सॉरी मालक."

त्या दिवशीची मी आज समोर आली तर तिला आधी टपली मारीन. लॅपटॉप दोन्ही हातांवर धरून घरभर फिरत होती, आरतीचं ताट फिरवावं तशी. खुळी!

चोरी काय झाली ते सांगते. आमची कंपनी आंब्याचा रस डब्यात भरून परदेशी पाठवते. रत्नागिरीत ऑफिस. मी ऑर्डरी बघते. टाळेबंदीनंतर अर्धा आठवडा ऑफिसात, अर्धा घरून, अशी पद्धत पडली. ऑर्डरींचा मेल उघडायला पासवर्ड लागतो, शिवाय एक कोड. तो कोड माझ्या फोनवर येतो. ऐन हंगामात कुणीतरी तो मेल उघडला, आत बसून आमच्या नावाने गिऱ्हाइकांना लिहिलं की आमचं बँकखातं बदललं, पैसे इथे पाठवा. आखातातल्या एका गिऱ्हाइकाने पाठवलेदेखील.

पासवर्ड चोराने कुठूनतरी उचलला होता. पण कोड त्याला कुणी दिला? मी दिला.

आता का दिला ते ऐका. त्यासाठी मला मालकांच्या खळ्यात, म्हणजे अंगणात जावं लागेल.

माझी आई मालकांच्या बागेत आंब्याच्या पाट्या वाही. मी तिच्या मागून जायची. तहान लागली की खळ्यात उभी राहायची. ओटीवरून मालकीणबाई विचारत, "कोण गो तू? कुणाची?" काल विचारलेलं, परवा विचारलेलं. त्यांना ठाऊक असे. तरी मी नाव सांगायचं, बापाचं नाव सांगायचं, मग वरून ओंजळीत पाणी. मी एकदा चिडून आईला म्हटलं, "त्या माझ्याकडे आल्या तर मीपण विचारीन." आईने पाठीत धपाटा घातला. "आपल्याला विचारतात, बाय. आपण नाय विचारायचं."

शिकले, टायपिंग केलं, त्याच घराच्या कंपनीत खुर्चीवर बसले. वाटलं, सुटलं खळं. कसलं सुटतंय!

चोरीच्या आधी काही महिन्यांची गोष्ट. अनोळखी नंबरवरून निरोप आला, "मी धाकटे मालक, ड्रायव्हरच्या फोनवरून. कोड पाठवा." मला शंका आली. मी त्याच नंबरवर फोन लावून विचारलं, "मालक, तुम्हीच ना?" तेच होते. सोमवारच्या मीटिंगला सगळ्यांसमोर म्हणाले, "मावशींची कमाल बघा. ज्यांच्या खळ्यात पाणी पिऊन मोठ्या झाल्या त्यांनाच ओळख विचारतात."

सगळे हसले. हसण्यात माझाही आवाज होता. हे लिहिताना अजून दात करकरतात.

"परत विचारायचं नाही," ते म्हणाले. "मालकाने मागितलं की द्यायचं."

मग चोराला अजून काय हवं? त्याने मालकांचा फोटो लावला. लिहिलं, "मीटिंगमध्ये आहे. फोन करू नका. कोड लगेच." आमच्याकडे मालकांना उलट विचारत नाहीत, एवढं कळलं की कुलूप फोडायची गरज काय? मी पाठवला कोड. वर "जी मालक" लिहिलं. चोराला जी!

नंतर तो कॅमेरा फिरला.

त्या दिवशी सून माझ्याशी बोलली नाही. संध्याकाळी नातीला माझ्या मांडीवर ठेवताना एवढंच म्हणाली, "आई, तुम्ही फिरवलात कशाला?"

मालक चुकले हे मला ठाऊक होतं. पण कॅमेरा मी फिरवला होता. तिचा प्रश्न आत रुतला तो रुतलाच.

पुढच्या मीटिंगला थोरले मालकही होते. धाकट्यांनी मजकूर वाचला. "माझ्या निष्काळजीपणामुळे" असा काहीतरी. खाली माझी सही हवी होती. सही केली नाही तर उद्यापासून येऊ नका.

माझ्या घरात माझ्याच पगारावर चूल पेटत होती. तरी तोंडातून निघालं, "नाही करणार."

"काय?"

"मी ओळख विचारली होती. तुम्ही सगळ्यांदेखत मला गप्प केलंत. तुम्ही गप्प केलंत म्हणून चोर आत आला. सगळ्यांनी ऐकलंय."

मग संगमेश्वरहून काम करणारी शैला, हिशेब बघते ती, तिचा आवाज चालू झाला. "मी ऐकलंय." तिच्यामागून दुसरी. मग पॅकिंगचे भाऊ, जे त्या सोमवारी सगळ्यांत मोठ्याने हसले होते, तेही.

धाकटे मालक म्हणाले, "मावशी, आवाज खाली."

मी म्हटलं, "तुम्ही कॅमेरा फिरवा आधी. घरात कोण कोण असतं ते बघू दे."

स्क्रीन काळी झाली. त्यांची.

थोरले मालक माझ्या बाजूचे झाले, असं समजू नका. आखातातल्या गिऱ्हाइकाने कळवलं होतं की कोड आणि खातं दोन्ही फोन करून तपासणारा माणूस नेमल्याशिवाय पुढची ऑर्डर नाही. त्यांनी विचारलं, "हे कोण करील?" मी म्हटलं, "मी. पण नियम सगळ्यांना. मालकांना आधी."

मग मी माझं घरही आवरलं. आमच्या वायफायचा पासवर्ड म्हणजे आमच्या गायीचं नाव. अख्खी वाडी तिला हाक मारी, म्हणजे पासवर्ड वाडीला पाठ! तो बदलला. ऑफिसच्या लॅपटॉपवर नवरोबांचं भजन बंद. बिचारे अजून रुसलेत.

आणि नियम असा. कोड कुणीही मागो, मी निरोपाला उत्तर देत नाही. आपल्याकडच्या जुन्या नंबरवर स्वतः फोन लावते. मग विचारते.

"कोण आपण?"

"मी."

"मी म्हणजे कोण?"

नाव येतं.

"कुणाचे?"

बापाचं नाव येतं. दात आवळून येतं, पण येतं. मग ठरवलेला खुणेचा शब्द. तो चुकला की फोन खाली. परत पहिल्यापासून.

बापाचं नाव नियमात नाही. ते मी घातलंय.

परवा धाकटे मालक चिडले. "मावशी, इतक्या वर्षांत आवाज ओळखत नाही माझा?"

"आवाज आता मशीनपण काढतं, मालक."

"मी विमानतळावर उभा आहे!"

"उभे राहा," मी म्हटलं. "मीपण उभी राहायची."

त्यांना खळं आठवलं असेल, नसेल. मला आठवलं, तेवढं पुरे.

शैलाला मी सगळं शिकवून ठेवलंय, बापाच्या नावासकट. लोक म्हणतात, जाऊ दे, आता वय झालं, माफ कर. माफ केलेलं नाही. करणार नाही. मी या खुर्चीत आहे तोवर हा माणूस माझ्या दारात येणार, नाव सांगणार, कुणाचा ते सांगणार, आणि मी दार उघडेपर्यंत बाहेर थांबणार.