दोघांसाठी लिहिलेला सूर

दादा लिफ्ट दुरुस्त करायचा आणि ट्रॉम्बोन वाजवायचा. दोन्हीकडे काहीतरी सरकत राहिलं पाहिजे, अडकलं की बोंब, असं तो स्वतःच सांगायचा आणि स्वतःच हसायचा. बँड धाकट्या भावाचा. गिटार त्याची, गाणी त्याची, हट्टही त्याचेच. स्का वाजवायचे ते. स्का म्हणजे काय विचारलंत, तर दादा हातातला पाना खाली ठेवून दाखवायचा: पाऊल पडतं तिथे गिटार वाजत नाही, दोन पावलांच्या मधे वाजते, म्हणून माणसाला खुर्चीत बसवत नाही. पोटं सुटलेले बँकेतले साहेब टाय सैल करून उड्या मारायचे हो!

दादाच्या उजव्या हाताला सॅक्सोफोन घेऊन उभी राहायची ती धाकट्याची बायको. सतरा वर्षं. दादाने गाल फुगवले की हळूच विचारायची, "दादा, दाढ सुजलीय का?" आणि पहिलाच सूर हसण्यात फुकट जायचा.

मग ती गेली. पोटाचं दुखणं निघालं आणि तीन महिन्यांत सगळं आटोपलं.

अर्धं वर्ष कोणी वाद्याला हात लावला नाही. त्यानंतर धाकट्याने टायरच्या दुकानामागच्या खोलीत सगळ्यांना बोलावलं आणि नवं काहीतरी काढलं. चौदा मिनिटांचं, एकही शब्द नसलेलं. गिटारच्या तारांवर तो व्हायोलिनचा गज ओढायचा आणि पायाखालच्या यंत्रातून तोच आवाज परत परत घुमत यायचा. ड्रमवाला एक ठोका मारून हात मांडीवर ठेवून बसायचा.

"याला पोस्ट-रॉक म्हणतात," धाकटा म्हणाला.

"मग टाक की पोस्टात," दादा म्हणाला. कोणी हसलं नाही.

दादाच्या वाट्याला काय, तर अकरा मिनिटं गप्प बसायचं आणि मग एकच सूर दोन मिनिटं धरायचा. बस्स.

"अकरा मिनिटं मी काय करू? भाजी निवडू?"

"ऐक फक्त," धाकटा म्हणाला.

तालमीला दादा तो सूर जेमतेम फुंकायचा आणि "कळलं, कळलं" म्हणून वाद्य खाली ठेवायचा. घरी आल्यावर मात्र बायकोसमोर तोंडाचा पट्टा सुटायचा. "फ्रिज घरघरतो ना, तसलं वाजवतात! त्याला मला बँडमधून काढायचंय. तोंडावर सांगायची हिंमत नाही, म्हणून एक सूर हातावर टेकवलाय."

"अहो, त्याची बायको गेलीय," ती म्हणाली.

"माहितीये मला!" दादा एवढ्या जोरात ओरडला की ती उठून आतच गेली. त्याच दिवशी त्याने ठरवून टाकलं: हा एक कार्यक्रम, मग आपला बँडला रामराम.

कार्यक्रमाला साठेक माणसं होती. सगळी खुर्च्यांवर बसलेली, पाय हलवायलाही तयार नाहीत. अकरावं मिनिट सरलं. धाकट्याने गिटार थांबवली, ड्रमही थांबले. दादाने ट्रॉम्बोन उचलला आणि सूर धरला.

आता इतका लांब सूर कोणाच्याही बापाला एका दमात जमत नाही. फुंकणारे दोघं असले की आळीपाळीने श्वास घेतात. एकाने श्वास घेताना दुसऱ्याने धरून ठेवायचं, ऐकणाऱ्याला सूर अखंड वाटतो. दादा आणि भावजयीचं ठरलेलं होतं, आठ मोजले की आधी दादाने घ्यायचा.

आठ मोजून झाले. दादाने अगदी बिनघोर तोंड बाजूला केलं आणि श्वास घेतला.

सूर तुटला आणि सभागृहात चिटपाखरू नसल्यासारखं झालं. दादाने उजवीकडे वळून पाहिलं. तिथे नुसती लाकडी जमीन होती. दहा महिने माहीत असलेली गोष्ट तेव्हा कुठे त्याला कळली. त्याने पुन्हा सूर धरला, पुन्हा मोडला, पुन्हा धरला, आणि कसाबसा शेवटाला नेला.

आतल्या खोलीत धाकटा खुर्च्यांच्या ढिगाला टेकून उभा होता.

"चुकलो रे," दादा म्हणाला. "मला वाटलं, ती धरेल."

"दोघांसाठीच लिहिलाय तो."

"अरे मग छोटा कर. एकट्याला झेपेल एवढा कर."

"नाही करणार."

दादाने ट्रॉम्बोन खाली ठेवला. मग म्हणाला, "मला वाटत होतं, तू मला काढतोयस."

"तुला काढलं तर तुझ्या शेजारी कोणी नाहीये, हे दिसणार कुणाला, दादा?"

दादा ढसाढसा रडला. ती गेली त्या दिवशीसुद्धा तो रडला नव्हता. धावपळ, फोन, कागदपत्रं, सगळं त्यानेच केलं होतं.

तो बँड सोडून गेला नाही. नाचायची गाणी पुन्हा कधीच वाजली नाहीत, आणि त्याचं वाईट त्याला शेवटपर्यंत वाटलं. ते चौदा मिनिटांचं मात्र पुढे चाळीसेक ठिकाणी वाजलं. दर वेळी दादाने आठ मोजून श्वास घेतला आणि दर वेळी उजवीकडे पाहिलं. हळूहळू सवय होईल, असं त्याला वाटलं होतं. झाली नाही.