मामीची बाजू घेणारा मेव्हणा

वाईट माणूस जन्मालाच येत नाही, असं छातीवर हात ठेवून सांगणारा अख्ख्या रायगड जिल्ह्यात एकच माणूस उरला आहे आणि तो माझ्या बायकोचा धाकटा भाऊ आहे. देवळाबाहेरून याच्या नव्या कोऱ्या चपला गेल्या, तर हा अनवाणी घरी येऊन म्हणतो, "बिचाऱ्याचे पाय भाजत असतील." कुत्रा चावला तर म्हणे, "वळखायला चुकला वो तो," आणि इंजेक्शन घेऊन परत येताना त्याच कुत्र्याला बिस्कीट घालून आला. रोह्याच्या कंपनीत याचा सुपरवायझर सणासुदीला नेमकी यालाच रात्रपाळी लावायचा. हा म्हणायचा, "माझ्यावर भरवसा हाय त्याचा." रिटायर झाला त्या दिवशी त्या सुपरवायझरच्या पाया पडला! आणि लग्नाच्या पंगतीत बसला की समोरच्या बासुंदीकडे न बघता वाढप्याला विचारतो, "पेज हाय काय?" तांदळाची पेज. म्हणतो, पेज खास माणसालाच मिळते.

अशा माणसाला नाद कसला असावा, तर खुनाच्या सिनेमांचा. बायको जाऊन मला आठ महिने झाले. तेव्हापासून दर रविवारी हा वरसे गावातून निघतो, रोह्याला गाडी पकडतो आणि वालाच्या बिरड्याचा डबा घेऊन पेणला माझ्या दारात उभा राहतो. मी चौथी शिकलेला, तोंडाचा फटकळ माणूस. पहिल्याच रविवारी त्याला म्हणालो, "माझी बायको मेली, तुझी बहीण मेली. आता तू कशाला येतोस?" तो चपला काढत म्हणाला, "तुम्हाला एकट्याला टीव्ही लावता येत नाय, भावोजी." टीव्ही माझा आणि बटणं मीच दाबतो. त्याला तर आवाजही वाढवता येत नाही. पण आठवड्यातून त्या एका दिवशी मी पोटभर जेवतो, हे खरं.

परवाच्या रविवारी लागलेला सिनेमा याच्यासाठीच काढल्यासारखा होता. आईबाप मोटारीच्या अपघातात गेलेले, मागे राहिलेले बहीण-भाऊ आणि डोंगरावरच्या बंगल्यात त्यांना सांभाळायला नेणारे गोड गोड काका-काकू. मला पाचव्या मिनिटाला कळलं. पोरांची पाठ वळली की जिच्या तोंडावरचं हसू उतरतं, त्या बाईच्या हातचं दूध प्यायचं नसतं, हे कळायला शाळा लागत नाही. काकूनं दुधात पूड टाकली. हा म्हणाला, "जंताचं औषध असंल." काका बागेत खड्डा खणायला लागला. "सुरण लावत असंल." मग दोन्ही पोरांना खोलीत कोंडून बाहेरून कुलूप घातलं.

"तांदूळ राखायला बसवलं असंल."

"अरे, त्या बंगल्यात तांदूळ कुठला?"

"मग गहू असतील!"

हे तांदूळ कुठले, ते मला ठाऊक होतं. ही दोघं भावंडंही पोरकी. मामाकडे वाढली. घरात पाहुणे आले की दोन पानं कमी वाढायला लागावीत म्हणून मामी या दोघांना कोठीच्या खोलीत कोंडायची. माझी बायको तेव्हा नऊ वर्षांची, हा पाच. ती त्याला सांगायची, आपण राखणदार आहोत, तांदूळ राखायला भरवशाची माणसं लागतात. मामीच्या पोरांना भाकरी-मासळी आणि यांना पेज, तर ती सांगायची, पेज खास माणसालाच मिळते. एकदा तिनं याच्यासाठी एक भाकरी लपवली. मामीनं तापलेलं उलथनं तिच्या मनगटाला लावलं. बहिणीनं याला सांगितलं, चुलीपाशी पाय घसरला. लग्नानंतर तिनं हे सगळं मला एकदाच सांगितलं आणि बजावलं, "त्याला बोलू नका. त्याला एक घर मिळालंय, ते मोडू नका." मी कधी बोललो नाही. पण माझं तोंड सुटायला लागलं की ती नुसती बघायची आणि मी गप्प बसायचो. आता ते बघणारं कोणी नाही.

टीव्हीवर काकूनं गरम इस्त्री उचलली आणि त्या पोरीच्या हातावर टेकवली.

माझं टाळकं सरकलं. मी ओरडलो, "बघ, डोळे उघडून बघ! अशीच असतात ही माणसं! तुझी ती मामीसुद्धा..."

त्यानं वळून बघितलं. साठी उलटलेला माणूस, हातात माझ्या ताटात बिरडं वाढायचा डाव, आणि चेहरा पाच वर्षांच्या पोराचा.

"मामीचं काय, भावोजी?"

जन्मात कोणाचं मन राखायला खोटं बोललो नव्हतो. जीभ वळेना.

"मामीसुद्धा... घाबरली असंल रे. तुझी ताय भाजली तेव्हा."

त्याचा चेहरा असा खुलला! "घाबरली म्हणजे? ताय सांगायची ना, मामीनं सवताच्या हातानं खोबरेल लावलं. फुंकर घालत बसली व्हती म्हणे."

हे खोबरेल मला ठाऊक नव्हतं. हिनं हे मला कधी सांगितलंच नव्हतं. आठ महिने या घरात हिचे जुनेच शब्द घोळत होते आणि त्या दुपारी हिचं एक नवं कोरं वाक्य माझ्या ताटाशी आलं. याचे उपकार मी कसे फेडू? मी मान खाली घालून बिरडं खाल्लं, दोनदा मागून घेतलं. तिकडे पोलिसांनी काकूला गाडीत घातलं. हा म्हणाला, "चौकशीला नेतायत. सोडतील."

मी म्हटलं, "व्हय, सोडतील."

संध्याकाळच्या गाडीला त्याला बसवून दिलं आणि घरी आलो. माझ्यासारख्याला खोटं बोलणं पहिल्याच खेपेला जमलं, हे हिला सांगावं म्हणून चपला न काढताच स्वयंपाकघरापर्यंत गेलो.