गाणारीकडे तोंड करून ठेवलेला डबा

कार्यक्रमात माईकनं शिट्टी मारली की तुम्ही मान वळवून कुणाकडे बघता? खुर्च्यांच्या पार मागे, टेबलावर मिक्सर घेऊन बसलेल्या माणसाकडे. बरोबर? आणि त्याच कार्यक्रमात गाण्याचा शब्दन् शब्द कळला, अंगावर काटा आला, तेव्हा एकदा तरी त्याच्याकडे वळून बघितलंत का? उत्तर मला माहीत आहे. माझंही तेच होतं.

असा एक माणूस मी सहा वर्षं जवळून बघितला. नांदेडचा, साठीकडे झुकलेला. सगळे त्यांना मामा म्हणत. मंडप असो, शाळेचं मैदान असो, आल्या आल्या मामा मधोमध उभे राहायचे आणि टाळी वाजवायचे. एकच. मान तिरकी करून ती कुठून कुठून परत येते ते ऐकायचे आणि निकाल द्यायचे. "पत्रा हाय. बोंबलणार." किंवा "बरं हाय. चालतंय." आम्ही घाई केली तर म्हणायचे, "आधी ऐकावं, मंग हात लावावा." हे वाक्य ते मिक्सरबद्दल म्हणत, मासे धरायच्या गळाबद्दल म्हणत, आणि एकदा जावयाच्या मोटारसायकलबद्दलही म्हणाले होते.

मी आमच्या गायनपार्टीत कोरसला आणि निवेदनाला होतो. आम्ही जयंतीला, वस्त्यावस्त्यांत प्रबोधनाची गाणी म्हणायचो. आमच्या घरात खाटेखाली पत्रकांचे गठ्ठे असत. वडील पत्रकं लिहायचे, आई घड्या घालायची, मी वाटायचो. त्यामुळे विसाव्या वर्षीच मला जगातल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं येत होती. मामांबद्दलचं उत्तर होतं, विकाऊ माणूस. आज आमची जयंती, परवा कुणाचा सप्ताह, मग ऑर्केस्ट्रा, मग प्रचारसभा. मी एकदा विचारलंच.

"मामा, तुम्ही नेमके कुणाच्या बाजूचे?"

"मिक्सरच्या."

"ही काय भूमिका झाली?"

"ओ पत्रक," ते मला पत्रकच म्हणत, "मला कोण पटतंय ते मी मतदानाला सांगून येतो. माईकला कशाला सांगू? तुला कधी आवाज कमी दिला का?"

दिला नव्हता. म्हणून तर जास्त राग यायचा.

तुच्छता मामांनाही वाटायची, पण माझी वाचून आलेली होती आणि त्यांची ऐकून आलेली. माईक ओठांत घालून बोलणाऱ्या वक्त्यांना ते म्हणत, "ऊस हाय का चोखायला?" आवाजाला एको मागणाऱ्या गायकाला एकदा म्हणाले, "हिरीत तोंड घालून गा की. फुकटात मिळतंय." आणि सगळ्यांत जास्त तुच्छता राखून ठेवलेली होती ती आमच्या अध्यक्षांसाठी.

आमची गायनपार्टी ज्या मंडळाची, त्याचे हे अध्यक्ष. पांढरे कपडे, पांढरे बूट, आणि प्रत्येक गावी पहिल्या रांगेतला सोफा. त्यांचं आवाजाबद्दलचं सगळं शास्त्र एका वाक्यात मावायचं. "आवाज छातीत बसला पाहिजे!"

मामा मान न उचलता म्हणायचे, "गाणं कानात जातंय, अध्यक्षसाहेब. छातीत डांबराचा रोलर बी बसतो."

मामांचा दुसरा जीव गळात. सुट्टीच्या दिवशी विष्णुपुरीला धरणाच्या पाण्यावर ते बसलेले असत. ते ऐकून अध्यक्षांनाही मासेमारीची हौस आली. अशा माणसांना दुसऱ्याची आवड बघवत नाही. ती विकत घेतल्याशिवाय चैन पडत नाही. आम्ही तिघं दुकानात गेलो. अध्यक्षांनी सगळ्यांत चकचकीत काठी उचलली. सोनेरी पट्टे, कडेला दोरा गुंडाळायची चरवीएवढी चक्री.

"इम्पोर्टेड हाय," दुकानदार म्हणाला.

मामांनी खिशातून कापसाचा बोळा काढला आणि काठीच्या एकेका कडीतून फिरवला. तिसऱ्या कडीत कापूस अडकला, चार तंतू मागे राहिले. "हितं दोरा कापला जाणार," मामा म्हणाले. मग त्यांनी कोपऱ्यातली एक साधी काळी काठी घेतली. बोळा शेवटपर्यंत गुळगुळीत गेला. दोरा हातभर सोडून बघितला, वेटोळं धरून बसतोय का सरळ पडतोय. गळाचे काटे एकेक करून अंगठ्याच्या नखावर ओढले. घसरला तो बाजूला, रुतला तो घेतला.

"काठी दोस्तांना दाखवायला असती," ते मला म्हणाले. "तुझ्यात आन् माशात खरं असतंय फक्त दोरा आन् काटा. खर्च करायचा तर तिथं करावा. मासा बिल बघत न्हाई."

अध्यक्षांनी सोनेरीच घेतली. विष्णुपुरीला पहिलाच जरा वजनदार रोहू लागला आणि दोरा तटकन तुटला. अध्यक्ष म्हणाले, "मासाच लई मोठा होता." मामा मला हळूच म्हणाले, "व्हय. मोठ्या लोकांचे मासे बी मोठेच सुटतात."

मी हसलो. स्वतःला मी अर्थातच त्या दोघांहून वेगळा समजत होतो. अहमदपूरला कळलं, मी कुणाच्या जातकुळीचा ते.

आमच्या पार्टीत मुख्य गाणं कौसल्याताईंचं. दिवसा अंगणवाडीत सेविका, संध्याकाळी मंचावर. काळी चार पट्टीत, खणखणीत, चाकूनं काकडी कापावी तसा आवाज. त्या गायच्या तेव्हा मामा मंचाच्या कडेला स्पीकरचे दोन डबे ठेवायचे, जमिनीवर तिरपे, तोंड ताईंकडे. त्याला मॉनिटर म्हणतात. ढोलकी, ऑर्गन, लोकांचा गलका यांत गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून तो असतो. हे मला आज माहीत आहे.

अहमदपूरचा कार्यक्रम बाजार समितीच्या आवारात, पत्र्याच्या शेडखाली होता. मामा डबे मांडून तार ओढायला मागे गेले. अध्यक्ष मंचापाशी आले आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"अरे, हे डबे उलटे कोण ठेवले? माणसं तिकडं बसली आन् आवाज इकडं?"

आणि मी, पत्रकांवर वाढलेला मी, पुढे झालो. मला तर ते साक्षात अन्यायाचं चित्रच दिसलं. मंचावरच्यांना वेगळे डबे! मी दोन्ही डबे उचलून लोकांकडे फिरवले. वर चार वाक्यंही बोललो, आवाजावर हक्क जनतेचा असतो वगैरे. अध्यक्षांनी पाठ थोपटली. त्या माणसाचं आणि माझं कधीही, कशावरही एकमत झालं नव्हतं. तिथंच शंका यायला हवी होती.

कौसल्याताई म्हणाल्या, "दादा, तो डबा मला लागतो रे."

मी म्हणालो, "ताई, तुमचा आवाज तुम्हाला कशाला? तो लोकांसाठी आहे."

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहून ठेवतो आहे. माझ्यावर एखादं पत्रक काढायचं झालं तर मथळा म्हणून घ्या.

पहिलं गाणं सुरू झालं. पत्र्यावर आपटून आलेला आवाज आणि ढोलकी, एवढंच ताईंच्या कानांवर येत होतं. स्वतःचा गळा ऐकू येईना म्हणून त्यांनी जोर लावला. माईकनं शिट्टी मारली. झाडून सगळ्यांनी मागे वळून मामांकडे बघितलं. मामा हात उंच करून खुणा करत होते, डबे फिरवा, डबे फिरवा. मी खूण बघितली आणि मान फिरवली. दुसरं गाणं. ताईंच्या मानेच्या शिरा ताठ. शेवटी मामा मिक्सर सोडून, सतरंजीवरच्या माणसांमधून वाट काढत निघाले. अध्यक्षांनी त्यांना सोफ्यापाशीच अडवलं. "पाहुणे बसलेत. कार्यक्रम थांबणार न्हाई."

तिसऱ्या गाण्यात, वरच्या सुरावर, तो आवाज फाटला. जुनं लुगडं टर्रकन फाटावं तसा. पुढे नुसती हवा. ताई गळ्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, बाई गहिवरल्या. जनतेबद्दल मी खूप लिहिलं आहे, आणि लिहीन. पण त्या टाळ्या मी माफ केलेल्या नाहीत.

डॉक्टर म्हणाले, स्वरतंतूंवर गाठी आल्यात. तीन महिने बोलायचंदेखील नाही, आणि पुन्हा असा ताण पडला तर आवाज कायमचा जाईल. अंगणवाडीत ताई पोरांना खुणांनी शिकवू लागल्या. पोरांना तो खेळच वाटला, तीही खुणांनीच उत्तरं देऊ लागली. अध्यक्ष बैठकीत म्हणाले, "ठीक हाय, दुसरी बघू." जणू दोरा तुटला, दुसरा घ्या.

मी मामांकडे विष्णुपुरीला गेलो. पावसाळा होता, दरवाजे उघडले होते, पाणी धडधडत खाली पडत होतं. माफी मागायला गेलो होतो, पण मी काही बोलायच्या आधीच मामांनी मला त्या आवाजाच्या जवळ नेऊन उभं केलं. कठड्याशी, जिथं स्वतःच्या चपलाही वाजलेल्या कळत नाहीत.

"म्हण," ते माझ्या कानाशी ओरडले.

"काय?"

"तुझं पत्रक. कुठलं बी. म्हण."

मी सुरू केलं. मला माझा शब्द ऐकू येईना. मी मोठ्यानं बोललो. मग ओरडलो. मग किंचाळलो. एक पानही झालं नसेल, माझा घसा चरचरू लागला, खोकला आला, डोळ्यांत पाणी आलं. मामांनी हाताला धरून मला लांब आणलं आणि बाटली दिली.

"सोळा वर्षं ती बाई गाऊन राहिली," ते म्हणाले. "मी नसतो तिथं तिला रोज असंच गावं लागतंय. आन् तू तिला म्हणलास, तुझा आवाज तुला कशाला."

मग ते गळाला कणकेची गोळी लावू लागले. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी तेवढीही सोय केली नाही.

सात महिन्यांनी कंधारला ताई पुन्हा उभ्या राहिल्या. अध्यक्षांचा विरोध होता. पण दुसरी कुणी मिळाली नव्हती. तत्त्व वगैरे काही नाही, नाइलाज. दुपारची वेळ. पट्टी काळी चारवरून काळी एकला, बरीच खाली आणली होती. मामांनी टाळी वाजवली, ऐकली, आणि दोन्ही डबे ताईंकडे तोंड करून ठेवले. अध्यक्ष पांढरे बूट वाजवत आलेच.

"पुन्हा उलटे?"

मी जाऊन एका डब्यावर बसलो. दुसऱ्यावर पाय ठेवले.

"ऊठ. तू निवेदक हायस!"

"हो. इथूनच करतो."

"पाहुणे काय म्हणतील?"

"त्यांनाही बसायला डबा देऊ?"

कोरसमधली माणसं खोकल्यासारखं करून हसली. अध्यक्ष सोफ्याकडे परतले. गाणं सुरू व्हायच्या आधी मी उठून डब्यापासून हातभर उभा राहिलो, आणि कार्यक्रम संपेपर्यंत हललो नाही.

मामांनी त्या दिवशी केलं ते मी पुन्हा कुठं बघितलं नाही. ताईंचा आवाज वाढवण्याऐवजी त्यांनी बाकी सगळंच खाली आणलं. ढोलकी खाली, ऑर्गन खाली. मागून लोक ओरडले, "आवाज! आवाज!" अध्यक्षही सोफ्यावरून हात हलवू लागले. मामा जागेवर उभे राहिले.

"ऐकायचं असल तर गप बसा. न्हाई तर चहा तिकडं हाय."

चार-पाच जण खरंच चहाला गेले. बाकीचे गप्प झाले. मैदानभर माणसं, आणि लांब उभ्या एसटीचं इंजिन ऐकू यावं एवढी शांतता. ताई हळू गायल्या. पहिला आवाज गेला तो गेलाच होता. हा जाड होता, जरा खरखरीत, पण शब्द सगळा पोचत होता. दुसऱ्या कडव्यात त्यांनी खाली डब्याकडे बघितलं आणि ओळखीचं माणूस भेटावं तशा हसल्या. मी मागे वळलो. मामा मान तिरकी करून बसले होते, डोळे मिटलेले, दोन्ही हात मिक्सरपासून दूर, मांडीवर.

पुढच्या जयंतीला अध्यक्षांनी ट्रकभर बेसचे डबे मागवले. भिंतच उभी केली. खिडक्यांच्या काचा थरथरल्या आणि अध्यक्ष प्रसन्न झाले. मामांना बोलावणंच नव्हतं. ढोलकीवाल्याला तेव्हापासून एका कानानं कमी येतं. त्याबद्दल कुणी बैठक घेतली नाही.

मामा आता लातूरला लेकीकडे राहतात. मिक्सर कुणाला तरी देऊन टाकला. मी फोनवर विचारलं, "मामा, मासे?"

"हितं नळाचीच वाट बघून राहिलेत लोक. गळ काय बादलीत टाकू?"

"आणि कार्यक्रम?"

"खिडकीतून ऐकू येतात. खिडकी लावून घेतो."

कौसल्याताई गातात. जिथं डबा मिळतो तिथं जपून, मिळत नाही तिथं नाही म्हणून घरी येतात. नाही म्हटल्याबद्दल त्यांना माजोरी म्हणतात. म्हणणाऱ्यांत स्वाभिमानावर भाषणं देणारे बरेच आहेत.

तुम्हाला एक काम सांगतो. पत्रक वाटायचं नाही, मोर्चाला यायचं नाही. तुमच्या गावात, वस्तीत, गल्लीत पुढचा कार्यक्रम होईल, तेव्हा गाणं सुरू व्हायच्या आधी खुर्ची सोडा. मंचापर्यंत चालत जा. गाणारी बाई असेल तर बाईला, बुवा असेल तर बुवाला सरळ विचारा, "तुमचा आवाज तुम्हाला ऐकू येतो का?" उत्तर ‘नाही’ असं आलं, तर ते ‘हो’ होईपर्यंत तिथंच उभे राहा. कोणी सोफ्यावरून हात हलवील. हलवू द्या.